घनपाठी घडतो तो कसा

भारतीय सैन्यदलात 'धर्मगुरू' नावाचे एक पद आहे. हुद्दा नायब सुभेदाराचा. पंडित म्हणून अर्ज करणारा पदवीधर असावा, त्याच्याकडे संस्कृतातली शास्त्री किंवा आचार्य ही पदवी असावी, किंवा पदवीच्या जोडीला कर्मकांडाची एक वर्षाची पदविका असावी, वय २५ ते ३६ असावे, अशा अटी जाहिरातीत छापलेल्या असतात. १६०० मीटर अंतर ८ मिनिटांत धावूनही दाखवावे लागते. निवड झालेल्यांचे प्रशिक्षण पुण्यातल्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत होते. शिक्षण किती, वय किती, शरीर कसे, सगळे कागदावर मोजता येण्यासारखे. विशेष कौशल्याच्या बहुतेक नोकऱ्यांचे आज असेच असते.

आता दुसरी एक निवड पाहू. २२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येत रामलल्लाच्या मूर्तीची प्राणप्रतिष्ठा झाली. विधींसाठी १२१ आचार्य जमले होते. एवढ्यांचे मुख्य आचार्य कोण, याची जाहिरात कुठे निघाली नव्हती, कुणी अर्ज मागवले नव्हते, मुलाखती घेतल्या नव्हत्या. नाव काशीतून आले आणि त्यावर वाद झाला नाही. पंडित लक्ष्मीकांत दीक्षित हे ते नाव. घर काशीच्या मंगला गौरी भागात, मूळ गाव सोलापूर जिल्ह्यातले जेऊर, आणि कित्येक पिढ्यांचा मुक्काम गंगेकाठी. प्राणप्रतिष्ठेनंतर बरोबर पाच महिन्यांनी, २२ जून २०२४ला, त्यांचे निधन झाले.

देशातले सगळे वैदिक ज्यांच्याकडे बोट दाखवतात असा माणूस तयार व्हायला काय काय लागते? किती वर्षे, कुठले शिक्षण, कसला अनुभव? हे प्रकरण त्याविषयी आहे. अनेक विशेष व्यवसायांची माहिती आपण घेतो. पण शिकण्याची मुदत, परीक्षेची पद्धत आणि अनुभवाच्या पायऱ्या इतक्या काटेकोर ठरलेल्या असलेला आणि इतका जुना व्यवसाय शोधायचा, तर वेदपाठाशिवाय दुसरा चटकन सापडत नाही.

मणिकर्णिकेकडून उत्तरेला घाटाघाटाने निघाले, की मराठी माणसाला ओळखीची नावे लागू लागतात. शिंदे घाट, भोसले घाट, जटार घाट. वाटेत राम घाट आणि बालाजी घाट, मग पंचगंगा, दुर्गा घाट, ब्रह्मा घाट. पंचगंगेच्या अलीकडे पायऱ्या चढून गल्लीत शिरले की मंगला गौरीचे देऊळ. देवळातच गभस्तीश्वराचे लिंग आहे. श्रावणातल्या मंगळवारी मंगळागौर पुजणाऱ्या आपल्या घरांना या देवीची वेगळी ओळख करून द्यायला नको. हा भाग काशीच्या 'पक्क्या महाला'चा, म्हणजे जुन्या दगडी वस्तीचा. अंगाला अंग लागेल इतक्या अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंनी चढलेले वाडे, आणि त्यांतल्या कित्येक वाड्यांत आजही मराठी बोलली जाते.

ही वस्ती तीर्थयात्रेच्या पुण्यावर उभी राहिली असे म्हणून भागणार नाही. ती विद्येच्या मागणीवर उभी राहिली. सोळाव्या शतकात पैठणहून रामेश्वरभट्ट काशीला आले. त्यांचे चिरंजीव नारायणभट्ट यांनी 'त्रिस्थलीसेतु' आणि 'प्रयोगरत्न' लिहिले. नातवंडा-पतवंडांपैकी कमलाकरभट्टांनी १६१२मध्ये 'निर्णयसिंधु' पूर्ण केला. कुठल्या तिथीला कोणते कर्म करायचे हे पाहायला तो ग्रंथ महाराष्ट्रात आजही उघडला जातो. नीलकंठभट्टांचा 'व्यवहारमयूख' पुढे इंग्रजी अमदानीत मुंबई उच्च न्यायालयात वारसाहक्काच्या खटल्यांत प्रमाण मानला गेला. आणि याच घराण्यातले विश्वेश्वरभट्ट, म्हणजे आपले गागाभट्ट, ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजीमहाराजांच्या राज्याभिषेकाला उभे होते. दीक्षितांचे कुटुंब गागाभट्टांशी नाते सांगते.

गागाभट्टांना रायगडावर का बोलावले, हे या प्रकरणाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. राज्याभिषेकाचा पूर्ण विधी करायची वेळ महाराष्ट्रात कित्येक पिढ्यांत आली नव्हती. पूजा सांगणारे गावोगाव होते. पण मोडलेला विधी ग्रंथांतून जुळवून, त्याची पद्धत लिहून काढून, हजारो माणसांसमोर न अडखळता करवून घेणारा माणूस हवा होता. तसा माणूस काशीत होता. गागाभट्टांनी त्यासाठी 'राज्याभिषेकप्रयोग' रचला. नेहमीच्या कामाला माहितगार पुरतो. कधीच न झालेले काम अंगावर आले, की तज्ज्ञ शोधावा लागतो.

अठराव्या शतकात नारायण दीक्षित पाटणकरांसारख्यांनी दुर्गा घाट, ब्रह्मा घाट बांधून काढले, पेशव्यांचा आणि सरदारांचा पैसा येऊ लागला, आणि दक्षिणेतून येणाऱ्या विद्यार्थ्याला राहायला कोठी व जेवायला अन्नछत्र मिळण्याची सोय झाली. पोटाची सोय झाल्याशिवाय बारा वर्षांचे शिक्षण होत नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

शिक्षण सुरू होते मुंजीनंतर, साधारण आठव्या-नवव्या वर्षी. वेदाचे शिक्षण पुस्तकातून घेत नाहीत. गुरूच्या तोंडून घेतात, आणि त्याला म्हणतात संथा. गुरुजी मंत्राचा तुकडा एकदा म्हणतात, समोरची मुले तो दोनदा म्हणतात. तुकड्यातुकड्याने अर्धी ऋचा, मग पूर्ण ऋचा, मग सूक्त. ठरलेल्या आवृत्त्या झाल्या की दुसऱ्या दिवशी कालचा भाग न पाहता म्हणून दाखवायचा आणि मगच पुढची संथा. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या हे अनध्यायाचे दिवस; त्या दिवशी नवा पाठ नाही. ऋग्वेदाची दहा मंडले, १०२८ सूक्ते, साडेदहा हजारांच्या आसपास ऋचा. एवढे सगळे स्वरांसह कंठस्थ झाले म्हणजे संहिता झाली. ही पहिली पायरी.

स्वरांसह म्हणजे काय, तेही सांगायला हवे. वेदातल्या प्रत्येक अक्षराला उदात्त, अनुदात्त किंवा स्वरित अशी उंची ठरलेली आहे. अक्षर बरोबर आले आणि उंची चुकली, तर मंत्र चुकला. शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेत विद्यार्थ्याचा उजवा हात सतत हलत असतो, कारण स्वर बदलला की हाताची जागा बदलते. म्हणून आवाज न ऐकता नुसता हात पाहूनही जाणत्याला चूक कळते. प्रत्येक शाखेच्या उच्चाराच्याही खोडी आहेत. माध्यंदिन शाखेत 'ष'चा उच्चार ठरावीक ठिकाणी 'ख' होतो, 'पुरुष' तिथे 'पुरुख' ऐकू येतो. बाहेरच्याला ती गावंढळ चूक वाटते; त्या शाखेत तसे न म्हणणे हीच चूक. यासाठीच नियम सांगणारे प्रातिशाख्य आणि शिक्षा हे ग्रंथ वेगळे अभ्यासावे लागतात.

संहितेनंतर पद. जोडून म्हटलेली ओळ शब्दाशब्दांत सोडवून म्हणायची. मग क्रम: पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा अशा जोड्या. क्रमापर्यंत शिकला तो 'क्रमांत' झाला. इथवर येणारेही थोडेच. त्यापुढे विकृती नावाच्या आठ रचना आहेत: जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ आणि घन. जटेत प्रत्येक जोडी सुलट, उलट, पुन्हा सुलट: एक-दोन, दोन-एक, एक-दोन. आणि घन असा: एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. मग दुसऱ्या शब्दापासून पुन्हा तेच, मग तिसऱ्यापासून.

कागद-पेन्सिल घेऊन मोजून पाहा. ओळीच्या मधला कुठलाही शब्द घनात एकूण तेरा वेळा उच्चारला जातो: तिसऱ्या जागी असताना तीनदा, दुसऱ्या जागी पाचदा, पहिल्या जागी पाचदा. प्रत्येक वेळी शेजारी कोण आहे तेही पक्के. एखादा शब्द गळला, पुढेमागे झाला, जवळच्या अर्थाचा दुसरा शब्द घुसला, तर घन म्हणताना साखळी तुटते आणि म्हणणारा तिथल्या तिथे अडखळतो. लेखनावर अवलंबून न राहता मजकूर हजारो वर्षे जसाच्या तसा ठेवायचा, तर चूक आपोआप उघडी पडेल अशी रचना हवी. ती या लोकांनी केली.

लोकांची एक समजूत आहे की हे सगळे पाठांतर आहे, डोके लागत नाही. ती चुकीची आहे, आणि चूक कुठे आहे ते नेमके दाखवता येते. संस्कृतात दोन शब्द शेजारी आले की संधी होतो. 'रामः' आणि 'अत्र' हे दोन शब्द घ्या. या क्रमाने 'रामोऽत्र' झाले. उलटे केले की 'अत्र रामः'. काहीच बदल नाही. आता जटेत आणि घनात शब्द उलटे फिरतात, म्हणजे मूळ वेदात कधीही शेजारी न आलेले शब्द त्या क्रमाने शेजारी येतात. तिथे संधी कोणता होईल, स्वर कसा सरकेल, हे मूळ संहिता पाठ असून कळत नाही. नियम लावावा लागतो, तोही चालत्या पाठात, श्वास न मोडता. हे नियमही ज्याने ग्रंथांवरून शिकले तो 'सलक्षण घनपाठी'. नुसत्या घनपाठ्याहून त्याचा मान वेगळा.

जुन्या महाराष्ट्रात 'दशग्रंथी' ही ओळख होती. संहिता, ब्राह्मण, आरण्यक, कल्प, शिक्षा, व्याकरण, निघंटु, निरुक्त, छंद आणि ज्योतिष असे दहा ग्रंथ मुखोद्गत असलेला तो दशग्रंथी. पत्राच्या मायन्यात नावाआधी 'वे. मू.' (वेदमूर्ती) किंवा 'वे. शा. सं.' (वेदशास्त्रसंपन्न) लिहिले जाई, तेव्हा त्यामागे असा सगळा हिशेब असे. घनापर्यंत किंवा दशग्रंथापर्यंत पोहोचायला दहा-बारा वर्षे सहज जातात. म्हणजे आठव्या वर्षी बसलेला मुलगा विशीत बाहेर पडतो, आणि तरीही अनुभवाच्या खात्यात त्याच्या नावावर अजून काही जमा झालेले नसते.

कारण मंत्र येणे वेगळे आणि कर्म चालवणे वेगळे. दुसऱ्याला याज्ञिकी म्हणतात. सोमयागाला सोळा ऋत्विज लागतात. चार मुख्य: ऋग्वेदाचा होता, यजुर्वेदाचा अध्वर्यू, सामवेदाचा उद्गाता आणि चौथा ब्रह्मा, प्रत्येकाच्या हाताखाली तिघे. कामाची वाटणी, मुख्य आणि साहाय्यक, कोणी कोणाच्या आज्ञेने बोलायचे, सगळे ठरलेले. यातला ब्रह्मा मला सर्वांत मोलाचा वाटतो. तो बहुतेक वेळ काही बोलत नाही. बसून लक्ष ठेवतो. कुणाचा मंत्र चुकला, आहुती मागेपुढे झाली, पात्र उलटले, तर कोणते प्रायश्चित्त करून कर्म पुन्हा मार्गावर आणायचे हे त्याने सांगायचे. तिन्ही वेदांची कर्मे ज्याला ठाऊक तोच तिथे बसू शकतो. सगळे सुरळीत चालले असताना ज्याचे काम दिसत नाही, आणि बिघडल्यावर ज्याच्याशिवाय चालत नाही, त्याला या व्यवस्थेने सर्वांत वरची जागा दिली. शस्त्रक्रियेच्या खोलीत भूलतज्ज्ञाचे असते तसेच हे.

तिथवर पोहोचण्याचा रस्ता हाताखाली काम करण्याचा. आधी वडील किंवा काका यांच्याबरोबर जाऊन समिधा लावायच्या, मंडलाचे रंग भरायचे, कलश मांडायचे. मग जपाला बसायचे. मग एखादे उपांग स्वतंत्रपणे. लक्ष्मीकांत दीक्षितांनी वेद आणि कर्म यांची दीक्षा काका गणेश दीक्षित यांच्याकडून घेतली. पुढे ते मीर घाटावरच्या सांगवेद महाविद्यालयात शिकवत. वेदाबरोबर त्याची अंगेही शिकवणारी शाळा म्हणून हे 'सांग'-वेद विद्यालय. मंगला गौरीपासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे. काशीतल्या या व्यवसायाचे सगळे जग असे अर्ध्या-पाऊण मैलात आहे. कोण कसे म्हणतो, कोण कुठे अडखळला, हे लपून राहत नाही. शिफारसपत्राची गरज पडत नाही ती यामुळे.

अयोध्येतल्या विधीकडे आता या नजरेने पाहा. १६ जानेवारीपासून कर्मे सुरू झाली. मूर्तीला जलाधिवास, गंधाधिवास, मग औषधी, केशर, तूप, धान्य, पुढे साखर, फळे, फुले आणि शेवटी शय्याधिवास, असे एकामागून एक अधिवास झाले. प्रत्येकाची सामग्री वेगळी, मंत्र वेगळे, वेळ बांधलेली. आणि सगळे प्राणप्रतिष्ठेच्या एका क्षणाशी जुळवायचे. तो क्षण ८४ सेकंदांचा होता: दुपारी १२ वाजून २९ मिनिटे ८ सेकंद ते १२ वाजून ३० मिनिटे ३२ सेकंद.

हा मुहूर्त काढला गणेश्वरशास्त्री द्रविड यांनी, आणि सगळ्या अनुष्ठानावर देखरेखही त्यांचीच होती. ते राम घाटावरच्या वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालयाचे. त्यांचे वडील राजेश्वरशास्त्री हे या काशीतल्याच नावाजलेल्या पंडितांपैकी. गणेश्वरशास्त्रींना २०२५मध्ये पद्मश्री मिळाली. मुहूर्त काढणे हा पुन्हा वेगळा विशेष व्यवसाय. दिवसाचे पंधरा भाग केले की त्यातला आठवा तो अभिजित मुहूर्त, बरोबर माध्यान्हाच्या दोन्ही बाजूंना पसरलेला. जानेवारीत दिवस लहान, त्यामुळे हा भाग ४८ मिनिटांऐवजी त्रेचाळीसच्या आसपास मिनिटांचा. त्यात त्या वेळी पूर्वेला उगवणारी रास कोणती, म्हणजे लग्न. त्या राशीचे नऊ भाग केले तर चालू भाग कोणता, म्हणजे नवमांश. त्या दिवशी मेष लग्न आणि वृश्चिक नवमांश घेतले होते. लग्न दीड-दोन तास टिकते, नवमांश दहा-बारा मिनिटे, आणि त्यातले बाकीचे दोष टाळत गेले की उरते ती फट दीड मिनिटाची. मुहूर्तावर श्रद्धा असो वा नसो, हे गणित करायला सिद्धांतज्योतिष, स्थानिक रेखांश आणि धर्मशास्त्र ही तिन्ही हाताशी लागतात. दिनदर्शिकेवर तारीख पाहणारा ते करू शकत नाही.

याच परिसरात विसाव्या शतकात आणखी एक तज्ज्ञ घडला, त्याच्याविषयी न लिहिता पुढे जाववत नाही. पंचगंगेजवळच्या बालाजी मंदिरात एक मुसलमान मुलगा रोज सनईचा रियाज करायला यायचा. त्याचे नाव अमीरुद्दीन; जन्म १९१६चा, डुमरावचा. मामा अलीबक्श 'विलायतू' विश्वनाथाच्या सेवेत सनई वाजवत आणि तेच त्याचे गुरू. हे बिस्मिल्ला खाँ. मंगला मैयाच्या देवळाचेही नाव ते आदराने घेत. विश्वविद्यालयाची कुठलीही परीक्षा न देता ते २००१मध्ये भारतरत्न झाले. त्यांच्याही व्यवसायाची रीत तीच: घरातला गुरू, वर्षानुवर्षांचा एकच पाठ, ऐकणारे जाणते शेजारी, आणि पहिली बैठक मिळेपर्यंत मोठ्यांच्या मागे बसून सूर धरणे. सनईची पत्ती ज्या नरकट गवतापासून बनते ते डुमरावच्या बाजूला, सोन नदीकाठी मिळते. ती निवडण्या-घासण्यापासून त्यांच्या कलेची सुरुवात होते. वेदाचा घन आणि पहाटेचा भैरव एकाच घाटावर, एकाच पद्धतीने शिकला गेला.

मग प्रमाणपत्रे आली कुठून? राज्यकर्त्यांना माणसे नेमायची होती आणि त्यांना स्वतःला पाठ तपासता येत नव्हता, तिथून. पेशव्यांच्या काळी श्रावणात पुण्यात दक्षिणा वाटली जाई. रमणा नावाच्या आवारात सरसकट मिळणारी वेगळी, आणि परीक्षा देऊन मिळणारी वेगळी व मोठी. म्हणजे परीक्षा होतीच. पण घेणारे स्वतः वैदिक होते. पेशवाई गेल्यावर त्याच दक्षिणेच्या पैशातून १८२१मध्ये पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. त्याआधी १७९१मध्ये जोनाथन डंकनने काशीत संस्कृत कॉलेज काढले होते. आजचे संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय ते हेच. त्यामागे सरळ नोकरीचा हिशेब होता: हिंदूंच्या खटल्यांत इंग्रज न्यायाधीशाला धर्मशास्त्र सांगणारे पंडित हवे होते. न्यायालयातली ही पंडितांची पदे १८६४मध्ये बंद झाली आणि एका फटक्यात एक विशेष व्यवसाय संपला. शिकलेली विद्या तशीच होती, तिचा पगार गेला. १८७५मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात वेदशास्त्रोत्तेजक सभा स्थापन केली. वेद आणि शास्त्रे यांच्या परीक्षा आणि पारितोषिके सुरू केली. राजाश्रय तुटल्यावर समाजाने परीक्षक व्हावे, हा त्यातला विचार मला आजही लाखमोलाचा वाटतो.

सध्याची सरकारी व्यवस्था उज्जैनच्या महर्षी सांदीपनि राष्ट्रीय वेदविद्या प्रतिष्ठानाची, १९८७पासूनची. वेदभूषण पाच वर्षांचे, त्यावर वेदविभूषण दोन वर्षांचे. २०२२पासून त्यांना दहावी आणि बारावीची समकक्षता मिळाली आहे. ही गोष्ट फार चांगली झाली. पूर्वी अर्ध्यावर सोडून घरी गेलेल्या मुलाच्या हातात काहीच नसे. ना वेद पुरा, ना शाळेचा दाखला. आता सात वर्षांनंतर तो महाविद्यालयात जाऊ शकतो, सैन्यदलातल्या त्या पदापर्यंतची वाट धरू शकतो, परदेशातल्या मंदिरात जाऊ शकतो. अमेरिकेत धार्मिक कामासाठी मिळणाऱ्या आर-१ व्हिसाला त्या धर्मसमूहात दोन वर्षांचे सभासदत्व दाखवावे लागते आणि मुक्काम जास्तीत जास्त पाच वर्षे. तिथल्या मराठी घरांत सत्यनारायण, मुंज, लग्न सांगणारे कित्येक गुरुजी या दाराने गेलेले आहेत.

या व्यवसायाचा एक मोठा दोष मात्र स्पष्ट सांगितला पाहिजे. त्याचे दार जन्म पाहून उघडत आले. वर वर्णन केलेली सगळी शिस्त, स्मरणशक्ती, नियम लावण्याची बुद्धी कोणत्याही मुलामुलीत असू शकते. पण शतकानुशतके काही घरांतल्या मुलग्यांनाच बसू दिले गेले. दरवाजा हलला तो बाजूच्या वाटांनी. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात साकोरीला उपासनी महाराजांनी कन्याकुमारी स्थान काढले. तिथल्या कन्या गोदावरीमातांच्या मार्गदर्शनाखाली वेद म्हणू लागल्या, याग करू लागल्या. पुण्यात शंकरराव थत्त्यांनी बायकांना पौरोहित्य शिकवले, ज्ञान प्रबोधिनीने स्त्रीपुरुष आणि जात न पाहता पुरोहित तयार केले. काशीतही तुळशीपूरला प्रज्ञादेवी आणि मेधादेवी यांचे पाणिनी कन्या महाविद्यालय १९७१पासून मुलींना व्याकरण आणि वेदपाठ शिकवत आहे. अष्टाध्यायी कोळून प्यायलेल्या तिथल्या मुलींचा पाठ ज्याने ऐकला त्याने बायकांच्या अधिकाराबद्दल शंका काढू नये.

२०२५च्या शेवटी राम घाटाच्या सांगवेद विद्यालयात आणखी एक गोष्ट घडली. अहिल्यानगरचा एकोणीस वर्षांचा देवव्रत महेश रेखे याने शुक्ल यजुर्वेद माध्यंदिन शाखेचे दंडक्रम पारायण ५० दिवसांत पूर्ण केले. सुमारे दोन हजार मंत्र. दंडात प्रत्येक वेळी एक शब्द पुढे जायचे आणि तिथून उलट पावली पहिल्या शब्दापर्यंत परत यायचे. ओळ जितकी लांब तितका परतीचा पल्ला वाढत जातो. तोही ग्रंथ समोर न ठेवता. त्याला शिकवणारे त्याचे वडीलच. देशभर कौतुक झाले आणि ते व्हायलाच हवे होते.

कौतुकाच्या दिवसांत एक हिशेब कुणी मांडला नाही, तो इथे मांडतो. सरकारी प्रमाणपत्राची वर्षे सात. क्रम, जटा, घन आणि लक्षणग्रंथ धरले तर लागणारी वर्षे बारा. त्यावर याज्ञिकीचा अनुभव यायला आणखी काही वर्षे. सातव्या वर्षी मुलाच्या हातात बारावीचा दाखला येतो, घरून विचारणा सुरू होते, आणि त्याच वेळी शहरात पूजा सांगून महिन्याला बरे पैसे मिळू लागतात. घनाकडे वळायचे की दक्षिणेकडे, हा निर्णय सतरा-अठराव्या वर्षी घ्यावा लागतो. गरीब घरातला हुशार मुलगा कोणती वाट धरील हे सांगायला नको. उज्जैनचे प्रतिष्ठान विद्यार्थ्यांना वृत्ती देते, वृद्ध वेदपाठ्यांना साहाय्य देते. पाठशाळांत राहणे-जेवणे बहुतेक ठिकाणी दात्यांच्या पैशावर चालते. कमी पडतात ती मधली पाच वर्षे. पेशवाईत ती श्रावणातल्या दक्षिणेने आणि घाटावरच्या अन्नछत्रांनी निघत. आज ज्या घरांना प्राणप्रतिष्ठेला, वास्तुशांतीला, सहस्रचंडीला पाठ शुद्ध असलेलाच गुरुजी हवा असतो, त्यांनी आपल्या जवळच्या पाठशाळेत जाऊन एवढेच विचारावे: वेदविभूषण झालेले किती आहेत, त्यांतले घनाला बसू इच्छिणारे कोण, आणि त्यांचा पाच वर्षांचा खर्च किती.